सांधा ठिबकत नाही, मग हवा शिरते कुठून? शिवोलीच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा सावकाश वाचली. तुमचा राग समजतो. स्विमिंग पूलचा पंप हवा का धरतो यावरचा माझा लेख वाचून तुम्ही पंपाच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडं) बदललीत, स्किमरची (पुलाच्या कडेला पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाची) जाळी साफ केलीत, त्यात दोन दिवस गेले, घरी उतरलेले पाहुणे पाण्यात उतरू शकले नाहीत, आणि पंप अजूनही रोज सकाळी कोरडाच घरघरतोय. तुमचं म्हणणं असं: एकही सांधा ठिबकत नाही, म्हणजे 'हवा शिरते' हे मी लिहिलेलं चूक. प्लंबर सांगतो की 1 एचपी कमी पडतो, दीडचा बसवा, आणि मी नेमका त्यालाच विरोध केलाय. शिवाय मी लोकांना नको तिथे हात घालायला लावतो.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य मध्येच येऊन गेलंय. 'गेल्या पावसात खड्ड्यात पाणी भरलं, म्हणून मोटर चिऱ्यांच्या 3 फुटी ओट्यावर चढवली.' ताई, माझ्या मते सगळं इथे आहे. आणि इथेच माझा लेख अपुरा होता. मी तो पंप पूलच्या पाण्यापेक्षा खाली आहे असं धरून लिहिला. गोव्यातल्या आपल्या बार्देशात बहुतेक घरांत पंप खड्ड्यातच असतो. तसा असला की बंद पंपावर पुलाच्या पाण्याचा दाब राहतो आणि सैल सांधा ठिबकून स्वतःला दाखवतो. 'ठिबकतंय का बघा' हे मी त्या हिशेबाने सांगितलं. ओट्यावर चढवलेल्या पंपाला ते लागू नाही हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी आहे, लेखात दुरुस्ती करतोय.

तुमच्याकडे सक्शनची, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारी, नळी पुलाच्या पातळीपासून वर चढते. पंप चालू असताना त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. केसाएवढी फट असली तरी पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. पंप बंद झाल्यावरही वर चढलेल्या नळीत तीच स्थिती राहते: पाणी खाली जायला बघतं, फटीतून हवा आत येते आणि रात्रभरात नळी रिकामी होते. दोन्ही वेळेला बाहेर एक थेंब दिसणार नाही. कोरडा सांधा म्हणजे चांगला सांधा, हे तुमच्या पंपाच्या बाबतीत धरूनच चालू नका.

आता दीड एचपीबद्दल. हवेचा दाब पाणी तत्त्वतः 10 मीटरपर्यंत वर ढकलतो, आणि तुमची चढण 3 फुटांची. पॉट (पंपाच्या तोंडाशी असलेलं झाकणाचं भांडं) पाण्याने भरून झाकण घट्ट लावल्यावर पंप चालतो आणि संध्याकाळपर्यंत नीट चालतो, हे तुम्हीच लिहिलंय. ताकद कमी असती तर तो दुपारीही चालला नसता. मोठा पंप त्याच दीड इंची नळीवर बसवलात तर पाण्याचा वेग वाढेल. वेग दीडपट झाला की नळीतलं घर्षण जवळपास सव्वादोनपट होतं, सक्शनमधला दाब आणखी उतरतो, आणि त्याच फटीतून आजच्यापेक्षा जास्त हवा आत येते. दुसरी भीती मला याहून मोठी वाटते. तुमच्या पुलाला तळाशी एकच जाळी असेल, तर मोठ्या पंपाची ओढ त्या एका जाळीवर येते आणि लहान मुलाचे केस किंवा हात तिथे अडकू शकतो. पाहुण्यांची मुलं तिथे पोहतात. म्हणून मोठ्या पंपाला माझा विरोध कायम आहे.

फट कुठे असेल? गेल्या ऑक्टोबरात आसगावच्या एका घरी अशीच तक्रार होती. पावसाचे चार महिने घर बंद, गणेश चवथ झाल्यावर उघडलं. झाकण बदललं, रिंग बदलली, गुण नाही. मी पंप चालू ठेवून दाढीच्या क्रीमचा फेस एकेका सांध्याला गोल लावत गेलो. नळी पंपाच्या तोंडात जिथे आट्यांवर बसते तिथे वरून काहीच दिसेना. मग ओणवा होऊन खालच्या बाजूला बॅटरी मारली. फेसात टाचणीच्या डोक्याएवढा खळगा पडला होता आणि फेस हळूहळू आत सरकत होता. कारण नंतर कळलं. वीज गेली, परत आली, टायमरने पंप सुरू केला तेव्हा पॉट रिकामा होता. पंप कोरडा फिरला, आत उरलेलं थोडं पाणी तापलं, प्लास्टिकचे आटे मऊ पडून आक्रसले आणि आट्यांवरची टेफ्लॉन टेप सैल झाली. तो तुकडा कापून नवा अडॅप्टर (जोडतुकडा) बसवला आणि पंपाने पाणी धरलं. तुमचाही पंप रोज सकाळी कोरडा फिरतोय, म्हणून हा सांधा आधी बघा. तोपर्यंत टायमर बंद ठेवा आणि स्वतः उभ्या राहून पंप सुरू करा.

फेस लावण्याआधी एक सोपी तपासणी करा. संध्याकाळी पंप बंद केल्याबरोबर सक्शनचा बॉल व्हॉल्व्ह फिरवून बंद करा, फिल्टरकडची बाजू उघडीच ठेवा. सकाळी झाकणातून पॉट बघा. तो काल होता तेवढाच भरलेला असेल, तर फट बहुतेक व्हॉल्व्हच्या पलीकडे, म्हणजे स्किमरकडे किंवा जमिनीखालच्या नळीत. पाणी उतरलेलं असेल तर व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामध्ये: झाकण, पॉटच्या तळाचा ड्रेन प्लग, युनियन (खोलता येणारा जोड), ते आटे, नाहीतर मोटरच्या बाजूचा मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारा). व्हॉल्व्हच्या दांड्याची रिंगही हवा घेते, फेस लावताना तिला विसरू नका. आणि पंप सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचा, ही चिठ्ठी पंपावरच चिकटवा.

नव्या ओ-रिंगला तुम्ही खोबरेल लावलंत असं लिहिलंय. ते पुसून काढा. अशा रबरांपैकी बऱ्याच रबरांना तेल सोसत नाही, ते फुगतं आणि खाचेतून वर येतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी रिंग बसत नाही, म्हणून खाच बोटाने चाचपून बघा.

प्लंबरने नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) सुचवलाय, ते मात्र बरोबर आहे. पंप पाण्याच्या वर असेल तर तो हवाच. फक्त आधी फट शोधा. व्हॉल्व्ह लावला की रात्री सक्शनच्या नळीतलं पाणी खाली उतरणार नाही आणि सकाळी पंप लवकर पाणी धरेल, पण पंपाच्या बाजूची फट राहिली तर दिवसभर हवा येतच राहील आणि पुलात रिटर्नच्या (पाणी परत सोडणाऱ्या नळीच्या) तोंडातून बुडबुडे दिसतील. तो युनियन घालून बसवायला सांगा. अंगणात चाफा आहे, पाकळ्यांचे तुकडे जाळीतून सुटून झडपेत अडकतात, तेव्हा उघडून साफ करता आला पाहिजे.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर वाद नाही. झाकणाला हात लावण्याआधी एमसीबी (पंपाच्या लाइनचा बोर्डावरचा स्विच) पाडा, हे मी लेखात एकदाच लिहिलं होतं, वरती ठळक लिहायला हवं होतं. चपला घाला, पाय कोरडे ठेवा, पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे की नाही हे वायरमनला विचारा. वायरिंगला तुम्ही किंवा प्लंबरने हात लावू नये. ओट्यावर मोटर चढवली तेव्हा केबल जोडून लांबवली असेल, तर तो जोड वायरमनला दाखवाच.

ओटा पाडून पंप परत खड्ड्यात घालू नका. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे मोटर वर ठेवलीत हे योग्यच केलंत.

आज संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करा आणि उद्या सकाळी पॉटमधलं पाणी कुठवर आहे ते इथेच लिहा. मी सकाळी 8 वाजता बघतो.