टोकाला लोखंड आहे, घोट्याला काय?

पावसाळी राइडच्या तारखा ठरायला लागल्या की एक मेसेज दरवर्षी न चुकता फिरतो. यंदा तो ज्या दादाने मला क्लच हळू सोडायला शिकवलं त्यानेच पाठवला, म्हणून हे सविस्तर उत्तर. मेसेज असा: “पंधरा हजारांचे रायडिंग बूट म्हणजे शुद्ध लूट. अपघातात माणूस डोक्याने मरतो, पायाने नाही. कारखान्यातले स्टील टो सेफ्टी शूज दोन हजारांत मिळतात, त्यांच्यावर वीस किलोचं वजन टाकून बघतात. रायडिंग बुटात तेवढं लोखंडही नसतं. नाहीतर मिलिटरीचे डीएमएस बूट घ्या, आयुष्यभर जातात. सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट. आणि कडक बुटाने घोटा वाचला तरी नडगी मोडतेच. पुढे पाठवा.”

किमतीबद्दलची चीड मला मान्य आहे. पंधरा हजारांत अनेकांच्या घरचा महिन्याचा किराणा आणि वर दुधाचं बिल बसतं. पण बाकीचं एकेक घेऊ.

“डोक्याने मरतो, पायाने नाही.” खरं आहे, म्हणून तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये हेल्मेट आहे आणि बूट नाहीत. पण बूट घेणारा माणूस मरण टाळायला बूट घेतच नाही. तो कित्येक आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर जिना उतरताना कायमचं दुखणं टाळायला घेतो. एका पावलात 26 हाडं असतात आणि गाडी आडवी झाली की सगळ्यात आधी खाली सापडतं ते पाऊलच. त्याला वेगही लागत नाही. ताम्हिणीत एका टपरीसमोर मी गाडी वळवून उभी करत होतो. वेग शून्य. खडीवर डावा पाय घसरला आणि 195 किलोची क्लासिक 350 हळूच, अगदी सभ्यपणे, माझ्या पायावर येऊन टेकली. चहावाल्याने आणि दोन गिऱ्हाइकांनी ती उचलेपर्यंत मला विचार करायला भरपूर वेळ होता. हेल्मेट आरशाला लटकत होतं. घोट्याच्या बाजूला बुटातली कडक वाटी होती, तिच्यावर फूटपेगचा, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीचा, ओरखडा अजून आहे. पाय सुजला, पण मोडला नाही.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, स्टील टो, म्हणजे बुटात बोटांवर बसवलेली लोखंडी टोपी. इथे जरा थांबायला हवं, कारण यात दिलेली माहिती खोटी नाही, ती फक्त दुसऱ्याच अपघाताची आहे. आपल्याकडे सेफ्टी शूजचं मानक आहे आयएस 15298, भाग 2. त्यात बोटांवरच्या टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखा. शिवाय 15 किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतका दाब. ही चाचणी कडक आहे आणि शॉपफ्लोअरवर तिने किती बोटं वाचवली असतील! पण तिथला धोका वरून खाली येतो. हातातून घडवायचा भाग निसटतो, पॅलेट पडतं, पाना पडतो. तुमचं पाऊल जमिनीवर सपाट आणि बोटं पुढे, असं गृहीत धरून ती टोपी बसवलेली आहे.

गाडीवर पाऊल तसं असतंच कुठे? गाडी पडते ती बाजूला. पाऊल आडवं होतं, बाहेरचा घोटा रस्त्यावर, आतल्या घोट्यावर इंजिन किंवा फूटपेग, आणि वर गाडीचं वजन. म्हणजे दाब येतो चवड्याच्या रुंदीतून, कडेकडून. नाहीतर पाय टेकवायला गेलात, चिखलात टाच रुतली, गाडी पुढे गेली आणि पाऊल पिळलं गेलं. या दोन्हींत बोटांवरची लोखंडी टोपी बघ्याची भूमिका घेते.

मोटारसायकलच्या पादत्राणांचं युरोपीय मानक ईएन 13634 नेमकं इथे वेगळं पडतं. त्यात बूट दोन पट्ट्यांमध्ये आडवा धरून तळाच्या रुंदीवर दाबतात आणि किती चेपतो ते बघतात. डांबरावर घासण्याची चाचणीही आहे. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर बुटाचा तुकडा दाबून धरतात. जास्त जोखमीच्या भागाला भोक पडायला पहिल्या पातळीत किमान 5 सेकंद आणि दुसऱ्या पातळीत 12 सेकंद लागले पाहिजेत. शिवाय धारदार पात्याची चाचणी. आपल्या दोन हजारांच्या सेफ्टी शूजला यातल्या आडव्या दाबाचा आणि डांबरावर घासण्याचा पेपर द्यावाच लागत नाही. घोट्याच्या आघाताची एक ऐच्छिक चाचणी सेफ्टी शूजच्या मानकात आहे, ती पास केली की जोडीवर ‘एएन’ लिहिता येतं. नेहमीच्या दुकानातल्या जोडीवर ते शोधून बघा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. रायडिंग बुटाच्या मानकातही घोट्याच्या आघाताची चाचणी ऐच्छिकच आहे. तिची खूण ‘आयपीए’. नडगीच्या चाचणीची ‘आयपीएस’. म्हणजे ‘रायडिंग’ लिहिलं की घोट्याची वाटी तपासलेली असेलच असं नाही. ती खूण नसेल तर निदान हाताने चाचपून घ्या.

स्टील टोची दुसरी अडचण मेसेज लिहिणाऱ्याला जाणवली असती, जर त्याने तो बूट घालून घाटात गिअर टाकले असते. टोपीमुळे बुटाचं नाक उंच होतं. ते लिव्हरखाली नीट जात नाही, गेलं तर पटकन निघत नाही, आणि गिअर पडला का नाही हे बोटांना कळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना टाच-पंजाचा लिव्हर असतो म्हणून काही जण टाचेने निभावतात. पण क्लासिकसारख्या गाडीवर वरचे गिअर टाचेने टाकता येतात, उतारावर गिअर कमी करायला नाक वापरूनच खाली दाबावं लागतं, तेव्हा त्या लोखंडातून काही म्हणता काही कळत नाही. (उलट टोकाचाही एक मेसेज फिरतो: स्टील टो चेपून बोटं छाटली जातात म्हणे. ज्या वजनाखाली ती टोपी दुमडेल त्या वजनाखाली टोपीशिवायच्या बोटांचं काय होईल, हा साधा प्रश्न तो पाठवणाऱ्याने स्वतःला विचारलेला नसतो. स्टील टो घातक नाही. तो चुकीच्या जागी उभा असलेला पहारेकरी आहे, एवढंच.)

डीएमएसच्या (डायरेक्ट मोल्डेड सोल) बाबतीत मी थोडा हळवा होतो. उंच, जाड चामडं, तळ थेट साच्यात बसवलेला. कॅनव्हासच्या बुटापेक्षा किंवा जॉगर्सपेक्षा बरेच बरे, आणि हे केवळ माझं मत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या 212 मोटारसायकलस्वारांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटारसायकलचे नसलेले साधे बूट घालणाऱ्यांनाही, साधे शूज किंवा जॉगर्स घालणाऱ्यांच्या तुलनेत, पायाच्या इजेचा धोका निम्म्याहून कमी दिसला. म्हणजे दादाची निम्मी बाजू इथे मीच मांडतोय! त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, तो बूट विकणाऱ्यांना आवडणार नाही: कपड्यांतल्या आणि बुटांतल्या संरक्षक कवचामुळे जखमा कमी झाल्या, पण हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. तेव्हा कुठलाही बूट घातला की पाय मोडणारच नाही, असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हणालं तर त्याच्याकडून बूट घेऊ नका.

तर ज्याच्याकडे आज फक्त डीएमएस आहेत त्याने ते घालावेत. नाडीची टोकं मात्र आत खोचावीत. सुटलेली नाडी फूटपेगला किंवा लिव्हरला अडकली की सिग्नलला पाय खाली येतच नाही, आणि मग माणूस उभ्या जागी, सगळ्यांसमोर, हळूहळू कलंडतो. पण “तेच पुरे” हे वाक्य खोडावं लागेल. डीएमएस कूच करायला केलेला आहे, त्याचं चामडं घोट्यावर मऊ असतं कारण चालताना ते वाकायला हवं. कडेच्या आघातासाठी त्यात काही घातलेलं नसतं.

“आयुष्यभर जातात” याबद्दल एकच सांगतो, ते सेफ्टी शूजलाही लागू आहे आणि महागड्या रायडिंग बुटांनाही. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत न वापरताही कुजतो. कोकणात, मुंबईत कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेली कोरी जोडी काढावी आणि पहिल्याच राइडला तळ बिस्किटासारखा चुरा होऊन गळावा, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. जुन्या स्टॉकची स्वस्त जोडी घेताना बनवल्याची तारीख बघा आणि तळ अंगठ्याने जोरात दाबा.

“सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट.” हा विनोद म्हणून बरा आहे. असं कुठलंही चिन्ह नाही. सीई ही वस्तू युरोपच्या नियमांत बसत असल्याची खूण आहे. मोटारसायकलचे संरक्षक बूट युरोपात 2016/425 क्रमांकाच्या नियमाखाली येतात, दुसऱ्या वर्गात, म्हणजे उत्पादकाने स्वतःच शिक्का मारून भागत नाही, मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. नकली शिक्के असतात, नक्कीच. म्हणूनच नुसती ‘सीई’ ही दोन अक्षरं बघून खूश व्हायचं नाही. बुटाच्या आत किंवा जिभेवर शिवलेलं लेबल बघा. मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, त्याच्याजवळ ईएन 13634 आणि वर्ष, आणि खाली चार आकडे, प्रत्येक 1 किंवा 2. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापण्याचा, चौथा आडव्या दाबाचा. पहिल्या जागी 1 असला तर मला चालतो, रोजच्या ऑफिसला गुडघ्यापर्यंतचे बूट कोण घालणार? चौथ्या जागी 2 असेल तर मी पाकिटाला हात घालतो. ‘डब्ल्यूआर’ असेल तर पाणी रोखण्याची चाचणी झालेली आहे. तरीही रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून घ्या. आत खोचलीत तर वरंध्याच्या पावसात दहा मिनिटांत बुटाची बादली होते, आणि जलरोधक बूट आत आलेलं पाणीही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो.

राहता राहिली नडगी. हा तर्क बर्फावरच्या स्कीइंगमधून उचललेला दिसतो. तिथे बूट ताठ कवचाचा, पोटरीच्या मध्यापर्यंत आणि लांबलचक पट्टीला जखडलेला असतो, त्यामुळे बुटाच्या काठावर नडगी मोडण्याचा प्रकार घडतो. रस्त्यावरच्या रायडिंग बुटाला अशी पट्टी जोडलेली नसते आणि तो पुढेमागे वाकतो, नाहीतर ब्रेकच मारता येणार नाही. आणि समजा निवड करायचीच वेळ आली, तरी घोट्याच्या सांध्यात गेलेली मोड ही सरळ हाडाच्या मोडीपेक्षा पुढे जास्त छळते. सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बिघडला की वर्षांनंतर संधिवात दारात उभा राहतो.

मग पंधरा हजार नसतील तर? घोट्याच्या वर चार बोटं येणारे, दोन्ही बाजूंना कडक वाटी असलेले रायडिंग शूज त्याहून बरेच स्वस्त असतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उंच बुटांपेक्षा ते रोज घातले जाण्याची शक्यताही जास्त. दुकानात संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. जे मोजे राइडला घालता तेच घाला. नाक आणि टाच धरून बूट ओल्या फडक्यासारखा पिळून बघा, सहज पिळला तर ठेवून द्या. चवड्याच्या कडा दोन्ही तळहातांत दाबा. मग पट्टे नीट लावून मित्राला टाच धरून ओढायला सांगा. दुकानात निघाला तर रस्त्यावर तो पायाच्या आधी पोचेल.

दादा, तुझाही पाय नऊ नंबर, माझाही नऊच. रविवारी माझे घालून तुझ्या गाडीवर चक्कर मारून ये. आधी माझ्या बुटाचं नाक खाली मावायला गिअर लिव्हर खाचेवरून काढून एक दात वर बसवावा लागेल, दहा नंबरचा पाना काढून ठेव.