‘दिल्ली आपल्या खिशाला झेपत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. गेल्या महिन्यात तो मामांनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘जाऊ दे गं, दिल्लीचं रद्द करतो. आपल्यासारख्यांचं काम नाही ते.’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दिल्लीत दिवसभराची गाडी केल्याशिवाय फिरताच येत नाही. पावलोपावली तिकिटं आहेत. गाइड घेतला नाही तर काही कळत नाही. बघायला थडगी आणि किल्ले, ते दोन दिवसांत उरकतात. राष्ट्रपती भवन वगैरे बड्या लोकांसाठी. जेवायचं तर महागडं हॉटेल, नाहीतर पोट बिघडणार. तेव्हा सगळं धरून पॅकेज घ्या, नाहीतर जाऊच नका.

मी नोकरीसाठी अकरा वर्षं दिल्लीत राहते. घरी आलेल्या प्रत्येकाला हे शहर दाखवते आणि मला ते मनापासून आवडतं. मामांनी शाळेत चाळीस वर्षं इतिहास शिकवला. ज्या शहराबद्दल ते एवढं बोलले, तिथे या मेसेजमुळे ते येणार नसतील तर मला गप्प बसवत नाही.

मेसेजचा सगळा डोलारा गाडीवर उभा आहे, म्हणून आधी गाडी. दिल्ली मेट्रोची यलो लाइन म्हणजे पर्यटकांसाठीच आखल्यासारखी आहे. चांदनी चौक, मग राजीव चौक म्हणजे कॅनॉट प्लेस, केंद्रीय सचिवालयाला उतरलं की कर्तव्य पथ म्हणजे पूर्वीचा राजपथ, लोक कल्याण मार्गाहून गांधी स्मृती, जोर बागला लोदी गार्डन आणि सफदरजंगचा मकबरा, आयएनएला दिल्ली हाट, आणि पुढे कुतुबमिनार. व्हायलेट लाइनवर तर ‘लाल किला’ आणि ‘जामा मस्जिद’ याच नावांची स्टेशनं आहेत. ऑगस्ट २०२५ च्या दरवाढीनंतरही मेट्रोचं जास्तीत जास्त भाडं ६४ रुपये आहे, आणि शहराच्या मधल्या भागात फिरताना तेवढंही लागत नाही.

शिवाय गाडी केली तरी ती जिथे हवी तिथे जातच नाही. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदनी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. ड्रायव्हर कुठेतरी लांब सोडतो, मग तुम्ही चालता किंवा सायकलरिक्षा करता, आणि गाडीचं भाडं मात्र चालूच. मेट्रो कमी पडते तेही सांगायला हवं. कुतुबमिनार नावाचं स्टेशन मिनारपासून चांगलं दीड किलोमीटरवर आहे, आणि हुमायूनच्या मकबऱ्यालाही स्टेशनपासून ऑटो करावी लागते. कोणाचे गुडघे दुखत असतील तर एखाद्या दिवशी खुशाल टॅक्सी करा. पण ‘गाडी लागतेच’ हे खरं नाही.

आता पॅकेज. माझी मावशी तीन वर्षांपूर्वी असंच सगळं धरून घेतलेलं पॅकेज करून आली होती. संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, काय काय पाहिलंस? हुमायूनचा मकबरा? ‘बाहेरून दाखवला.’ इंडिया गेट? ‘गाडीतून.’ मग दिवसभर कुठे होतात? तीन दुकानांत. गालिचे, शाली, खडे. प्रत्येक ठिकाणी पाऊण-एक तास, चहा पाजून. मावशीनं नको असलेली एक शाल घेतली, कारण चहा प्यायल्यावर तिला नाही म्हणवेना. सगळे असे नसतीलही, पण मेसेज ज्याची भलामण करतो ते हे असं असू शकतं.

तिकिटांचा दावा सर्वांत जास्त घाबरवतो आणि सर्वांत कमी खरा आहे. पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या स्मारकांना, म्हणजे कुतुबमिनार किंवा हुमायूनचा मकबरा, भारतीयांना ४० रुपये लागतात, ऑनलाइन काढलं तर ३५. सफदरजंगच्या मकबऱ्यासारख्या ठिकाणी २५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. दोन मोठे, दोन लहान असं चौघांचं कुटुंब ८० रुपयांत हुमायूनच्या मकबऱ्यात अख्खी सकाळ घालवू शकतं. १५७२ च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत ताजमहालाच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधीची आहे. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इथेच आसऱ्याला आला आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला.

आणि ही झाली तिकिटाची ठिकाणं. लोदी गार्डनला तिकीट नाही. पानिपतावर १५२६ मध्ये बाबराशी लढताना पडलेला इब्राहिम लोदी आपल्याला माहीत असतो, त्याच्या बापाची, सिकंदर लोदीची कबर या बागेत आहे. तिच्या भोवती सकाळी माणसं योगासनं करत असतात, दुपारी घरचे डबे उघडलेले असतात. मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान कुतुबमिनारला अगदी लागून आहे, तेही विनातिकीट, आणि मिनारपाशी फोटो काढून परतणारी बहुतेक मंडळी तिथे फिरकतच नाहीत. राजों की बावली नावाची १५०६ ची पायऱ्यांची विहीर तिथे आहे. जमाली-कमालीची मशीद आहे. लोटस टेंपल, जामा मशीद, बंगला साहिब गुरुद्वारा, अक्षरधाम मंदिराचा परिसर, यातल्या कशालाच प्रवेश फी नाही. अक्षरधामला आतली प्रदर्शनं पाहायची असली तरच पैसे पडतात. राष्ट्रीय संग्रहालय २० रुपये. तिथे मोहेंजोदडोची नर्तकी आहे. पाठ्यपुस्तकातल्या फोटोमुळे माझ्या भाच्याला ती माणसाएवढी वाटत होती. काचेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘अगं, एवढीशीच?’ साडेदहा सेंटिमीटर. मग तो काचेला नाक लावून तिच्या हातातल्या बांगड्या मोजायला लागला, आणि हलायला तयार होईना.

‘थडगी आणि किल्ले, दोन दिवसांत उरकतं’ हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. तीस जनवरी मार्गावर गांधी स्मृती आहे, पूर्वीचं बिर्ला हाउस. प्रवेश विनामूल्य. आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस गांधीजी इथे राहिले. त्यांच्या खोलीत जमिनीवर गादी, बसून लिहायचं बुटकं मेज, आणखी फार काही नाही. खोलीपासून बागेतल्या प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटची पावलं उठवली आहेत, ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी ते चालले तशी. पावलं बागेत जातात आणि एका ठिकाणी थांबतात. माझे सासरे, एरवी सतत बोलणारा माणूस, त्या पावलांच्या शेजारून हळूहळू चालत गेले, शेवटच्या पावलापाशी चप्पल काढून उभे राहिले आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे उरकायचं कसं?

तिथून जवळच १, सफदरजंग रोड, इंदिरा गांधींचं घर, तेही विनामूल्य. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्या ज्या वाटेनं चालल्या, ती वाट काचेखाली जपलेली आहे.

इंडिया गेटच्या मागे २०१९ पासून राष्ट्रीय समर स्मारक आहे, त्यालाही तिकीट नाही. ग्रॅनाइटवर हजारो सैनिकांची नावं कोरलेली आहेत. गावातून कोणी गेलेलं असेल तर नाव शोधता येतं, आणि लोक शोधताना दिसतात, बोट फिरवत एकेक ओळ. तिथल्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे पुतळे आहेत. त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मून खानोलकरांच्या घरची सून झालेल्या या बाईंबद्दल मुलांना तिथेच उभं राहून सांगा. संध्याकाळ होईपर्यंत थांबा, सूर्यास्ताच्या सुमारास होणारा मानवंदनेचा कार्यक्रम चुकवू नका.

गाइडबद्दल मेसेजशी माझं भांडण अर्धंच आहे. चांगला, सरकारी ओळखपत्र असलेला गाइड लाल किल्ल्यात उपयोगी पडतो. पण मराठी माणसाला तिथे जे ऐकायचं असतं ते तो सांगेलच असं नाही. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी काढली. १७७२ मध्ये शाह आलम बादशहा याच महालात परतला तो मराठ्यांच्या बळावर. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं इथेच त्याचे डोळे काढले, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेनं शाह आलमला पुन्हा गादीवर बसवलं. किल्ल्यातून बाहेर पडून चांदनी चौकात शिरलात की लाल जैन मंदिराशेजारी गौरीशंकराचं देऊळ आहे, अप्पा गंगाधर या मराठा सरदारानं बांधल्याचं सांगतात. मामा, हे सगळं तुम्ही मला शिकवलंय. तुम्हाला गाइड कशाला हवा?

राष्ट्रपती भवन बड्या लोकांसाठी, हे निखालस खोटं. संकेतस्थळावर आधी नोंदणी करायची, माणशी ५० रुपये, ओळखपत्र न्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं अमृत उद्यान उघडतं तेव्हा ते सर्वांना मोफत असतं. वेळ मात्र ऑनलाइन आधी ठरवलेली बरी, कारण जागा भराभर भरतात.

जेवणाचं म्हणाल तर आंध्र भवनाची, म्हणजे आंध्र सरकारच्या दिल्लीतल्या अतिथिगृहाची थाळी दिल्लीभर प्रसिद्ध आहे आणि तिथे कोणीही जेवू शकतं. कॅनॉट प्लेसला मोहन सिंग प्लेसच्या गच्चीवर इंडियन कॉफी हाउस आहे. दिल्ली हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांचे स्टॉल आहेत. चांदनी चौकात ताजं, डोळ्यांसमोर तळलेलं खा, चिरून ठेवलेली फळं आणि उघडं पाणी टाळा, एवढी काळजी कुठेही घ्यावीच लागते. बंगला साहिबच्या लंगरबद्दल एक विनंती. तिथे कोणालाही पंगतीत बसवतात, कोणी काही विचारत नाही. पण ‘फुकट जेवण’ म्हणून त्याची यादी करू नका. डोकं झाकून बसा, लागेल तेवढंच वाढून घ्या, आणि जेवून झालं की तासभर पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला जा. माझ्या आईला अख्ख्या दिल्लीतलं तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

मेसेजनं ज्याबद्दल बजावायला हवं होतं, ते त्यात नाहीच. नवी दिल्ली स्टेशनबाहेर कोणी म्हणालं की तुमचं तिकीट चालणार नाही, आरक्षण कार्यालय बंद आहे, चला सरकारी पर्यटन कार्यालयात नेतो, तर थांबू नका. तिकिटाची चौकशी स्टेशनच्या आतच करा. मे-जूनमध्ये दुपारी फिरणं अशक्य होतं. नोव्हेंबर ते जानेवारी हवा इतकी खराब असते की दम्याच्या माणसानं येऊच नये. आणि सोमवार! लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं सोमवारी बंद.

मामांना मी फेब्रुवारीचा शेवट सुचवलाय. त्यांनी तिकिटं बघून कळवलं की गाडी सोमवारीच पोचते. चालेल, मामा. सामान घरी टाकू, हुमायूनचा मकबरा आणि लोदी गार्डन सोमवारी उघडे असतात. डबा मी घेते.