भांडं उभं कापून दाखवा
जाणत्या कारागिरांच्या कामाचं चित्रीकरण करून ठेवलं की कला टिकेल, असं एका लेखात म्हटलंय. कुंभारकामापुरतं तरी हे पटत नाही. चाकावरची माती मध्यावर आली का, हे तळहाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. कोपर मांडीला टेकवून हात रोखून धरला की गोळ्याची थरथर थांबते. ती थांबल्याची खूण शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवूनच पटवता येते.

सुरुवातीला अर्धा-पाऊण किलोचेच गोळे द्या आणि पहिली ४०-५० भांडी भाजूच नका, तारेने उभी कापा. जीव तुटतो शिकणाऱ्याचा, पण कापलेल्या कडेवर सगळं दिसतं. काठाशी भिंत पातळ आणि खाली बोटभर जाड, म्हणजे ओढताना बुडाजवळची माती वर आलेलीच नाही. असं भांडं सुकताना काठ आधी आक्रसतो, बूड ओलंच राहतं आणि तडा जातो. बुडाच्या मधोमध नागमोडी तडा गेला, तर बूड बोटाने नीट दाबलेलं नसतं किंवा आत पाणी साचलेलं असतं.

भट्टीत भांडं फुटलं की ‘हवेचा बुडबुडा राहिला’ म्हणतात. बहुतेक वेळा दोष ओलीचा असतो: १०० अंशांच्या पुढे तिची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळत नाही. भांडं गालाला लावून बघायला शिकवा; गार लागलं तर अजून ओल आहे, भट्टी लावायची नाही.