अल्पसंख्याक दर्जा आणि गैरकारभार
मी ज्या लेखाला उत्तर देतोय त्याचे लेखक म्हणतात, अल्पसंख्याक कॉलेजच्या कारभारात बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. अर्धंच खरं. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढायचा, चालवायचा हक्क देतं. त्यात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. आमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ पासूनचं. काढलं मिशनऱ्यांनी, शिकली सगळ्याच धर्मांची पोरं. ही परंपरा टिकवायची तर कारभार उघडा हवा. नेमणुका नात्यागोत्यात, हिशेब कपाटात आणि प्रश्न विचारला की लगेच 'समाजावर हल्ला', असं जिथे चालतं तिथे पहिली झळ गरीब ख्रिस्ती घरातल्या मुलांनाच बसते. (त्यांच्यासाठीच तर हा दर्जा!) नियामक मंडळावर प्राध्यापक, माजी विद्यार्थी घ्या, ऑडिट वेबसाइटवर टाका. बिशप अध्यक्ष असायला कुणाचीच हरकत नाही.