‘फायरवॉलच्या आत टीएलएस कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना स्वतःचंच कॉन्फिग (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) उघडून बसलो, आणि मग राग कुठे धरावा तेच कळेना. उत्तर लांबलं आहे, सांभाळून घ्या.

वेब सर्व्हर (एनजिनएक्स) आणि ॲप्लिकेशन सर्व्हर (टॉमकॅट) यांच्यातली जोडणी टीएलएसवर (मजकूर एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, पाठवायची पद्धत) कशी न्यायची, ते मी लेखात लिहिलं होतं. ब्राउझरची रिक्वेस्ट आधी एनजिनएक्सकडे येते आणि तो ती टॉमकॅटकडे पाठवतो. तुमचे आक्षेप तीन: दोन्ही मशीन फायरवॉलच्या (बाहेरची रहदारी अडवणाऱ्या भिंतीच्या) आत असताना हा खटाटोप कशाला, याने सगळं मंद होतं, आणि ‘तुम्ही दिलेल्या कॉन्फिगमध्ये सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) तपासलंच जात नाही, म्हणजे हा नुसता देखावा आहे.’ शिवाय देखभालीची कटकट वाढते, असा टोमणा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो.

रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ‘प्रॉक्सी_पास’च्या पुढे एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस लिहिलं की एनजिनएक्स एन्क्रिप्शन सुरू करतो, पण समोर कोण बसलंय हे विचारत नाही. सर्टिफिकेट तपासायला सांगणारं ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ मुळातच ऑफ असतं (एसएसएल हे टीएलएसचं जुनं नाव). आपल्याला ब्राउझरची सवय. सर्टिफिकेटमध्ये जरा खोट दिसली की तो पानभर इशारा देतो. इथे कोणीच बोंब मारत नाही. उद्या कोणी मधे बसून स्वतःच घडवलेलं सर्टिफिकेट पुढे केलं, तरी एनजिनएक्स मुकाट्याने सगळा डेटा त्याच्या हवाली करेल, तोही नीट एन्क्रिप्ट करून.

लेखात आता व्हेरिफाय ऑन केलं आहे आणि ‘प्रॉक्सी_एसएसएल_ट्रस्टेड_सर्टिफिकेट’ला अंतर्गत सीएची (आतल्या सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या यंत्रणेची) फाइल दिली आहे. पण एवढ्यावर भागत नाही. बहुतेक जण इथेच अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमच्या अपस्ट्रीम ब्लॉकचं (मागच्या सर्व्हरांच्या यादीचं) नाव ‘बॅकएंड’ असेल, तर एनजिनएक्स सर्टिफिकेटमध्येही ‘बॅकएंड’ हेच नाव शोधतो. सर्टिफिकेट असतं मशीनच्या खऱ्या होस्टनेमचं. ब्राउझरला ५०२ (मागच्या सर्व्हरशी जमलं नाही, अशी चूक) दिसतो आणि एरर लॉगमध्ये ओळ येते की अपस्ट्रीमचं सर्टिफिकेट ‘बॅकएंड’शी जुळत नाही. उपाय एका ओळीचा आहे: ‘प्रॉक्सी_एसएसएल_नेम’मध्ये खरं होस्टनेम लिहा. आणि एका पोर्टवर अनेक सर्टिफिकेटं ठेवली असतील, तर ‘प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम’ही ऑन करा, कारण एसएनआयसुद्धा (कोणत्या होस्टनेमशी बोलायचंय ते सांगणारं नाव) मुळात पाठवलं जात नाही. पण होतं काय, की रात्री साडेअकराला ५०२ दिसला की माणूस लॉग वाचत नाही, ‘तात्पुरतं’ म्हणून व्हेरिफाय बंद करतो. असं तात्पुरतं मी वर्षानुवर्षं टिकलेलं पाहिलं आहे.

आता फायरवॉल. आतलं नेटवर्क आपलं म्हणून सुरक्षित, हे गृहीतक गूगलनेही धरलं होतं. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी वॉशिंग्टन पोस्टने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची एक स्लाइड छापली. इंटरनेट आणि गूगलचे आतले डेटा सेंटर यांच्या मधल्या फ्रंट एंड सर्व्हरकडे बाण दाखवून हाताने लिहिलं होतं की एसएसएल इथे जोडलं आणि काढलं जातं, आणि पुढे एक हसरा चेहरा! त्या सर्व्हरच्या पलीकडे, डेटा सेंटरांमधल्या तारांवर, मजकूर उघडाच होता. आपला एनजिनएक्स म्हणजे तोच हसरा चेहरा.

‘आम्ही गूगल नाही’ असं तुम्ही म्हणाल, तर दुसरं उदाहरण टॉमकॅटचंच. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने एक त्रुटी जाहीर झाली. टॉमकॅटचा एजेपी कनेक्टर (वेब सर्व्हरकडून रिक्वेस्ट घेण्याचा एक दरवाजा), पोर्ट ८००९, मुळात चालू असायचा आणि मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा. त्या पोर्टावर जो बोलेल तो आपला वेब सर्व्हरच, असं तो धरून चालायचा. त्यामुळे नेटवर्कवरचं कुणीही ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचू शकत होतं. त्यानंतरच्या आवृत्त्यांत एजेपीला ‘सीक्रेट’ (दोघांनाच माहीत असलेला परवलीचा शब्द) सक्तीचं झालं.

मला खरं बोलायचं आहे ते यावरच, आणि मूळ लेखात ते नीट आलं नव्हतं. चोरून ऐकणं हा अर्धाच धोका. उरलेला अर्धा म्हणजे टॉमकॅटला कोण हाक मारतंय हे त्याला माहीत नसणं. लॉगिन एनजिनएक्सने तपासायचं आणि युजरचं नाव हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीत) घालून पुढे पाठवायचं, ही रचना सर्रास दिसते. अशा वेळी आतल्या एखाद्या विस्मरणात गेलेल्या टेस्ट मशीनवरून कोणी थेट टॉमकॅटच्या टीएलएस पोर्टवर, ८४४३ वर, आला आणि हेडरमध्ये ‘ॲडमिन’ लिहिलं, तर तो ॲडमिन! एन्क्रिप्शन त्याला अडवत नाही. त्यासाठी टॉमकॅटमध्ये ‘सर्टिफिकेटव्हेरिफिकेशन’ला ‘रिक्वायर्ड’ करावं लागतं आणि एनजिनएक्सला स्वतःचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. आणि हो, टॉमकॅटच्या ट्रस्टस्टोरमध्ये (ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्या सीएंच्या यादीत) कंपनीभर सर्टिफिकेटं वाटणारा सीए टाकू नका, नाहीतर ते टेस्ट मशीनही त्याच सीएचं सर्टिफिकेट दाखवून आत येईल. या जोडणीपुरता वेगळा छोटा सीए करा.

वेगाबद्दल थोडक्यात. महाग असतो तो हँडशेक, म्हणजे जोडणी उघडताना होणारी ओळख आणि किल्ल्यांची देवाणघेवाण. एन्क्रिप्शनचं काम आजकालचे प्रोसेसर एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या एका पद्धतीच्या) खास सूचनांनी उरकतात, इंटेलमध्ये त्या २०१० पासून आहेत. तुमच्याकडे मंद झालं असेल, तर बहुधा दर रिक्वेस्टला नवी जोडणी उघडत असणार. अपस्ट्रीममध्ये ‘कीपअलाइव्ह’ (जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरणं) द्या, प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करा, ‘कनेक्शन’ हेडर रिकामा ठेवा. मग लॉग फॉरमॅटमध्ये ‘अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम’ घालून पाहा. त्यात हँडशेकचा वेळही धरलेला असतो. बहुतेक ओळींत शून्य दिसलं की समजा जुन्याच जोडण्या वापरल्या जातायत.

एक मात्र मान्य. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर टीएलएसचा आग्रह मी धरणार नाही. टॉमकॅटच्या कनेक्टरला १२७.०.०.१ हा (मशीनच्या आतूनच पोचता येणारा) पत्ता बांधा आणि विषय संपवा. पत्ता दिला नाही तर तो सगळीकडे ऐकतो, हे विसरू नका.

देखभालीची कटकट वाढते हा तुमचा टोमणाही खरा आहे. मी स्वतः एकदा कीटूलने (जावासोबत येणाऱ्या कमांडने) सर्टिफिकेट बनवलं आणि मुदत द्यायला विसरलो. कीटूल अशा वेळी ९० दिवस धरतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी सगळीकडे ५०२. व्हेरिफाय ऑफ असतं तर कळलंही नसतं, म्हणून त्या दिवशी चिडलो तरी ते ऑनच ठेवलं. आता मुदत संपायच्या महिनाभर आधी इशारा देणारी स्क्रिप्ट लावली आहे.

सुधारलेलं कॉन्फिग लावून पाहणार असाल, तर तपासणी वेब सर्व्हरवरून करू नका, तिसऱ्याच मशीनवरून करा. ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ने (टीएलएस जोडणी हाताने करून पाहायची कमांड), सर्टिफिकेट न देता, ८४४३ वर जा. टीएलएस १.३ असेल तर आधी हँडशेक पूर्ण झाल्यासारखा दिसेल, कारण सर्व्हरचा नकार त्यानंतर येतो. तेवढ्यावर ‘बघा, आत शिरलो’ म्हणू नका. एक साधी गेट रिक्वेस्ट टाइप करा. सर्टिफिकेटवरून नकार देणारा अलर्ट आला तर जमलं. पान आलं तर मला इथेच कळवा, मी परत कॉन्फिग उघडून बसतो.