गर्दीच्या उलट, पण सर्वांच्या सोबतीने

शेअर बाजारात गर्दीच्या उलट चालण्याचे धाडस अंगी बाणवायचे असेल, तर प्रथम बेळगावच्या खडेबाजारातला किंवा टिळकवाडीतला असा एक चहाचा कट्टा गाठावा, जिथे बसलेले दहाच्या दहा जण गर्दीच्या उलट चालणारे आहेत. एकट्याने उलटे चालण्यात धोका असतो. दहा जण असले की निदान बुडाल्यावर बोलायला माणसे मिळतात.

मग पडलेला शेअर हेरावा. किती पडला एवढेच पाहावे. का पडला, कंपनीवर कर्ज किती, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या धन्यांनी, आपले शेअर तारण ठेवले आहेत काय, ह्या कारकुनी चौकश्या भित्र्यांसाठी सोडाव्यात. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा भाव जानेवारी 2008 मध्ये 800 रुपयांच्या वर होता आणि 2019 मध्ये तो रुपयाच्याही खाली आला. त्या उतारावर प्रत्येक पायरीला ‘आता आणखी किती पडणार?’ असे म्हणत पिशवी पसरणारा कोणीतरी धीराचा पुरुष उभा असणारच. नव्वद टक्के पडलेला शेअर म्हणजे ऐंशी टक्के पडून पुन्हा निम्मा झालेला शेअर, हा हिशेब मनात आणू नये. उद्यमबागेत फाउंड्रीसाठी भंगार घेणारासुद्धा धातू पारखल्याशिवाय भाव बोलत नाही, पण तो बिचारा डिमॅट खातेवाला नव्हे.

राहिला कसोटीचा दिवस. 23 मार्च 2020, सोमवार. आदल्याच संध्याकाळी आपण गच्चीवर थाळ्या वाजवल्या होत्या. बाजार उघडून तास होतो न होतो तोच निर्देशांक 10 टक्के कोसळला आणि व्यवहार 45 मिनिटे थांबले. तेवढ्या वेळात मी दोनदा चहा घेतला, निपाणीला धाकट्या भावाला फोन लावला, आणि व्यवहार सुरू होताच होते नव्हते ते विकून मोकळा झालो. सेन्सेक्स त्या दिवशी 25,981 वर बंद झाला. पुढच्या फेब्रुवारीत तो 52,000 च्या पुढे होता.

हे असे कट्ट्यावर सांगायचे नसते. ‘जग विकत होते तेव्हा आपण घेतले,’ एवढेच म्हणून बशीतला कुंदा पुढे सरकवावा. आमचे दहाही जण त्या दिवशी खरेदीच करत होते. विकत कोण होते, ह्याचा पत्ता बेळगावात अजून लागलेला नाही. फक्त कॉन्ट्रॅक्ट नोटचा, म्हणजे त्या दिवशीच्या खरेदी-विक्रीच्या पावतीचा, ईमेल वेळीच पुसून टाकावा. मी पुसला नाही, आणि मेहुण्याला माझ्या मोबाइलचा पासवर्ड ठाऊक आहे.