प्रेडर-विलीच्या मुलाला मिठाचं पाणी पाजू नका

‘भस्म्या रोग मुळापासून घालवा’ असा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात लिहिलंय की मुलाचं पोट भरतच नसेल तर आत जंत आणि साठलेलं विष आहे. उपाय असा: सकाळी दोन मोठे चमचे मीठ कोमट पाण्यात घालून उलटी काढायची, रात्री इसबगोल, आठवड्यातून दोन कडक उपास. वर ‘जनुकीय वगैरे डॉक्टरांचा बागुलबुवा’. तो माझ्या बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी मिठाचं पाणी तयारही केलं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला प्रेडर-विली सिंड्रोम आहे, म्हणजे भूक भागतच नाही असा जन्मजात जनुकीय आजार. ताईने वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

जंतांचं आधी उरकतो. जंत असतात, नाकारत नाही. म्हणून तर शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल देतात. तिलाही मिळालीय. भूक तसूभर हलली नाही, कारण ती आतड्यातून येतच नाही. वडिलांकडून आलेल्या १५व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचं काम बंद असतं, त्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ‘पोट भरलं’ हे नीट कळत नाही.

आता ती उलटी. या मुलांना उलटी सहसा होतच नाही! हे प्रेडर-विलीचं ठळक लक्षण आहे. म्हणजे पाजलेलं मीठ बाहेर न पडता रक्तात जाणार. दोन मोठे चमचे म्हणजे ३० ग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातलं सोडियम असं एकदम चढलं तर झटके येतात, जीवही जातो. उलटी काढायचं इपेकॅक हे औषधसुद्धा या रुग्णांना देऊ नका, असं अमेरिकेतली प्रेडर-विली संघटना बजावते. मग स्वयंपाकघरातलं मीठ कुठून सुरक्षित झालं?

आणि एवढं करून उलटी झालीच, तर मेसेजवाले ‘विष निघालं’ म्हणून टाळ्या वाजवतील. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असू शकते. २००७ साली अमेरिकेत या आजाराने गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ३ टक्के मृत्यू जठर फाटून किंवा सडून झालेले निघाले. एरवी क्वचित दिसणारी उलटी आणि पोटदुखी अशा रुग्णांत वारंवार आढळली होती. या मुलांना वेदना कमी जाणवतात, ताप येईलच असं नाही, त्यामुळे मूल रडत नाही म्हणजे बरं आहे असं धरू नका. पोट फुगलंय, उलटी झाली, किंवा सदा खायला मागणारं मूल ‘नको’ म्हणालं, तर थेट इमर्जन्सीत न्या. तिथल्या डॉक्टरांना आजाराचं नाव आणि ‘हिला एरवी उलटी होत नाही’ हे आधी सांगा.

बद्धकोष्ठ? हो, बऱ्याच जणांना असतो, एवढं मेसेजचं बरोबर. पण ही मुलं पाणी कमी पितात, आणि पुरेशा पाण्याशिवाय इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. डॉक्टरांना विचारून द्या.

उपासाने ‘आवर’ येत नाही. ताईकडे स्वयंपाकघराला कुलूप असतं, जेवणाच्या वेळा आणि माप ठरलेलं असतं. लोकांना ते क्रूर वाटतं, पण तज्ज्ञही तेच सांगतात. उलट उपाशी ठेवलेलं मूल लग्नाच्या पंगतीत मोकळं सुटलं की एका बैठकीत भरमसाट खातं, आणि जठर फुटायची भीती तेव्हाच असते, अगदी अंगाने बारीक असलेल्या मुलांनाही. इच्छाशक्तीचा प्रश्न असता तर या भुकेवर औषध शोधावं लागलं नसतं. पहिलं औषध अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२५मध्ये मंजूर केलं.

राहिला बागुलबुवा. १५व्या गुणसूत्राचा तो तुकडा बंद आहे का हे पाहणारी मेथिलेशनची रक्ततपासणी ९९ टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये निदान पक्कं करते. ताईच्या फाइलमध्ये रिपोर्ट आहे. सासूबाईंनी तो मेसेज डिलीट केला. तुम्ही ज्यांना पुढे पाठवलात त्यांना आता हे पाठवा.